वीणेचा पहारा

"दादा, आणा इकडं वीणा. माझा पहारा लागला," म्हणत लहानू थोरल्या भागूजीच्या पाया पडला.

हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मगच ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. बांधावरून भांडण झाल्यापासून भाऊ बोलत नव्हते. लहानूनं मुद्दाम दादानंतरचाच पहारा मागून घेतला होता.

"वाका की जरा," भागूजीची बायको कुजबुजली. "भावजींच्या नाही, पांडुरंगाच्या पाया पडताय असं समजा."

"धाकट्यापुढं? त्यापेक्षा सांजेपर्यंत मीच उभा राहतो."

"बघा गं, वीणा सोडवेना माउलींना! केवढी भक्ती!" देवळातल्या बायका म्हणाल्या आणि भागूजीच्या पायांवर डोकं ठेवायला रांग लागली. त्याला ते गोड लागलं.

त्या रांगेतून लहानू पुन्हा आला, पुन्हा वाकला. त्याचं पिकलेलं डोकं भागूजीला आज जवळून दिसलं. गुडघे वाकू पाहत होते. पण आता सारं गाव बघत होतं. त्यानं भावाच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला आणि मागच्या माणसासाठी पाऊल पुढं केलं.