वृद्धाश्रमाचे चाळीस डबे

"मोजून घे," म्हणत हमीदनं नफ्याचं पाकीट बाकावर ठेवलं आणि दीड मीटर मागं सरकला.

"कशाला? विश्वास आहे तुझ्यावर."

"अरे, म्हणूनच बँका असल्या करारांना घाबरतात. मी नफा दाबला तर तुला कळणार कसं?"

श्रीधर हसला. रायस्वाइक या डच शहरातल्या या बागेत दोघं दर महिन्याला भेटत. बारा वर्षांपूर्वी हमीदला खानावळ काढायची होती. व्याजाचं कर्ज त्याला चालत नव्हतं, आणि दोस्ताचे फुकटचे पैसे तर त्याहून नाही. मग दोघांनी मुदारबाचा करार केला. भांडवल श्रीधरचं, मेहनत हमीदची, नफा अर्धा-अर्धा. तोटा आला तर पैसे श्रीधरचे बुडायचे, हमीदची नुसती मेहनत. आणि श्रीधरनं धंद्यात लुडबुड करायची नाही.

मार्चमध्ये कोरोनानं खानावळीतली टेबलं रिकामी केली, तेव्हा हमीदनं बजावलं होतं, "तुझे पैसे जाळून मी चूल पेटती ठेवणार नाही. एक महिना तोटा, की कुलूप."

डीमनमधल्या एका खोलीत दोघं राहायचे तेव्हापासूनची ती चूल. पहिल्याच हिवाळ्यात श्रीधर बॅग भरून मायदेशी परत निघाला होता. हमीदनं कुळथाचं पिठलं वाढलं आणि म्हणाला, "जेव, मग जा." तो गेलाच नाही.

"पण वाचलो बघ," हमीद म्हणाला. "झुइडओस्टच्या वृद्धाश्रमाचे दर आठवड्याला चाळीस डबे. सुरिनामी हिंदुस्तानी म्हातारी मंडळी खूश आहेत. कुणी बाई डचमध्ये ईमेल करतात, पैसे आगाऊ. फक्त एक खटकतं. सहा महिने झाले, नुसतं कौतुक! माणसानं एकदा तरी नावं ठेवावीत की नाही?"

"नशीब समज."

"तुझी पोर काय म्हणते, वीणा?"

"आइंडहोवनलाच आहे. मी मराठीत बोलतो, ती डचमध्ये उत्तर देते."

हमीद सायकलवर टांग टाकून वळणाआड गेला. श्रीधरनं पाकीट न मोजता खिशात घातलं आणि लेकीला फोन लावला.

"वीणा, वृद्धाश्रमाचे पुढच्या महिन्याचे डबे सांगून टाक. पैसे आजच पाठवतो. आणि हो, या वेळी ईमेलमध्ये डाळीत मीठ जास्त झालं म्हणून लिही."