बंद खोलीचा एसी

“पाणी तर स्वच्छ पडतंय,” नामदेवराव दारातूनच म्हणाले. “मग धुतोयस काय?”

स्टुलावर चढलेल्या मेकॅनिकनं खाली पाहिलं. एसीखाली बांधलेल्या प्लॅस्टिकच्या झोळीतून पाणी बादलीत उतरत होतं, आणि ते खरोखरच नितळ होतं.

“धूळ आतल्या जाळीत बसते, काका,” तो म्हणाला आणि त्यानं पंपाची नळी पुन्हा आत धरली.

चतुराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नेमके आजच हे घरी राहिले होते. बेगम बाजारातलं सुक्या मेव्याचं दुकान नामदेवराव तापातसुद्धा चुकवत नसत. पण सकाळी चहा पिताना म्हणाले, “आज दुकान नोकर बघतील. मला तुझा एसीवाला बघायचाय.”

मलकपेठच्या त्या घरात एसी तो एकच, राणीच्या खोलीतला. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, पोरीचा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास होईना, म्हणून बापानंच हौसेनं बसवून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी राणी दिलसुखनगरच्या क्लासला म्हणून सकाळी निघाली. संध्याकाळी फोन आला. नामदेवरावांनी फोन खाली ठेवला, मोरीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि न जेवता आडवे झाले. नातेवाईक येऊन बसून गेले. तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं, आणि त्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं.

पण गेल्या दीड वर्षात एसीची सर्व्हिसिंग काही चुकली नव्हती. दर दोन महिन्यांनी चतुराबाई या मुलाला बोलवायच्या. आईचं काळीज आहे, असं म्हणून शेजारपाजारचे विषय सोडून द्यायचे.

नामदेवरावांनी मात्र सोडला नाही. “लोक वर्षातून एकदा करतात, उन्हाळ्याच्या तोंडावर. चालूच नाही होत त्या एसीला कायको खर्च?”

“बंद राहिला की जास्त बिघडतो,” चतुराबाई म्हणायच्या.

आज ते आत आले आणि टेबलाजवळची खुर्ची ओढून बसले. त्या खुर्चीवर ते तीन वर्षांत पहिल्यांदाच बसत होते.

“नाव काय तुझं?”

“दीपक,” त्यानं तोंड उघडायच्या आत चतुराबाईच बोलल्या.

“घेतोस किती?”

“दोनशे, काका.”

“मी चौकशी केलीय. दिलसुखनगरला तीन दुकानं फिरलो. साधी धुलाई सहाशे, पंपानं सातशे. गच्चीवरचं मशीन धुवायचं तर वर आणखी. गॅस कमी झालाय म्हणाले, की तीन हजार गेलेच समज. आणि तू दोनशेत येतोस. पेट्रोल तरी सुटतं का?”

त्याचा हात थांबला. “काकींची ओळख आहे. म्हणून.”

“कसली ओळख?”

“शेजारच्या भगवंतरावांकडं काम केलंय यानं,” चतुराबाई घाईनं म्हणाल्या. “चांगला मुलगा आहे. तुम्ही खाली चला, चहा टाकते.”

“नक्को. इथं बरं आहे.”

पंपाचा आवाज तेवढा येत राहिला. मेकॅनिकनं जाळ्या पुसल्या, पाइपात फुंकर मारून पाहिली. काम संपत आलं तशा चतुराबाई कासावीस झाल्या. आज काही विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण दोन महिने वाट पाहिली होती.

“घरचे बरे आहेत ना?”

“बरे आहेत, काकी. लेकरू चालायला लागलं. भिंत धरून धरून जातं. आपण हात द्यायला गेलं की रडतं.”

“आणि त्याची आई?”

“तिला अशक्तपणा आहे अजून. नोकरी, घर, दोन्ही ओढते. ऐकत नाही.”

चतुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. नामदेवराव खिडकीबाहेर बघत होते. या खोलीत आलं की बायकोचे डोळे भरतात, हे काही त्यांना नवीन नव्हतं.

झाकण बसलं. एसी सुरू झाला आणि गार हवेचा झोत खोलीभर पसरला. मेकॅनिकनं सामान आवरलं. चतुराबाईंनी एक डबा त्याच्या पिशवीत सरकवला. डिंकाचे लाडू होते, डिंक-खारीक सगळं दुकानातलंच. दर वेळी त्या देत असत.

“थांब.”

नामदेवराव उठून दारात उभे राहिले होते. दोन महिन्यांतून मिळणारा हा एक तास, तोही आता गेला, असं चतुराबाईंना वाटलं.

“पैसे देणार नाही मी,” नामदेवराव म्हणाले.

“चालेल, काका.” त्यानं मान वर केली नाही.

“हौला, येडा समजलास का मला? दीड वर्ष झालं, बिघाड नसलेला एसी धुतोयस. तिसऱ्या दुकानात मी मलकपेठचा पत्ता सांगितला, तर मालक म्हणाला, तिथं आमचाच पोरगा जातो. तू कोण, कुठला, बायको कोण, सगळं सांगितलं त्यानं.”

चतुराबाईंनी दाराची चौकट धरली. “अहो, त्याला काही बोलू नका. त्याचा काही दोष नाही. बोलावते मी.”

नामदेवरावांनी हातानंच त्यांना गप्प केलं. मग ते दारातून बाजूला झाले.

“धम्मदीप,” ते म्हणाले, “राणीला घेऊन ये. लेकराला मात्र उन्हाचं आणू नको.”