पंचेचाळीसच्या वर

"आकडा दोनदा कावून गोल केला?" नगमानं अमोलला विचारलं.

अमरावतीच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती प्रमुख, तो मदतनीस. तिवशाच्या नत्थुजींच्या विहिरीतलं नायट्रेट मशीननं ४५.४६ दाखवलं होतं. अमोलनं त्याचे आधी ४५.५ केले, मग ४६. रिपोर्टावर पूर्ण आकडाच लिहायचा; तो पंचेचाळीसच्या वर गेला की विहीर पिण्यासाठी बंद. तान्ह्या लेकरांना ते पाणी सोसत नाही.

"मशीनच्या आकड्यावरून एकदाच करायचं. अर्ध्याच्या आत असलं की सोडायचं, अर्धं झालं की वरचा आकडा." तिनं नवा रिपोर्ट काढला, ४५ लिहून सही केली. समोर बसलेल्या नत्थुजींचा जीव भांड्यात पडला.

त्यांच्याशेजारी बाकावर नगमाचे अब्बा, जैनुद्दीन, बसले होते. अचलपूरहून पहिल्या एसटीनं आले होते. उन्हाळाभर खपून त्यांनी घरच्या विहिरीचा गाळ काढला होता. सारी गल्ली तिथं पाणी भरणार होती. पोरगीच लॅबमध्ये हाय, काम झालं समजा, असं गल्लीला सांगूनही ठेवलं होतं. नत्थुजींचं झालेलं पाहून आता ते चांगले ऐसपैस बसले.

नगमानं त्यांचा नमुना लावला. ४५.५२. तिनं दुसरी बाटली लावली. तोच आकडा.

"अब्बा, शेहेचाळीस. बंद ठेवा लागते."

"त्याईचंबी पंचेचाळीसच्या वरच होतं ना? त्याईले सोडलं, मले नाई?"

"त्याईचं अर्ध्याच्या आत होतं. तुमचं वर गेलं."

"किती?"

"केसभर."

"केसभरासाठी बापाची विहीर बंद करून राहिली तू?"

नगमाला वाईट वाटलं, फार वाटलं. पण पेन थांबलं नाही. "तुमाले केसभर सोडलं, तर नत्थुजीच्या कागदावर कोन भरोसा ठेवन?"

नत्थुजींनी हातातला रिपोर्ट एकदा पाहिला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

तेवढ्यात जैनुद्दीनांचा फोन वाजला. गल्लीतले पंजाबराव होते, विहिरीचं काय झालं ते विचारत होते.

"बंद, पंजाबराव. प्यायची नाई. बायायले सांगून द्या." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. जैनुद्दीन बाकावर ताठ झाले.

"कावून म्हंजे? माही पोरगी बसली हाय ना इथं."