बांधावरचं मस्टर

येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाची, भज्जी-आंबील पोटभर झाली, की त्या बायका शिवारातून थेट पाझर तलावाच्या बांधावर येत. अकरा वर्षांपूर्वी, त्र्याहत्तरच्या दुष्काळात, हा बांध त्यांनीच घातलेला. तेव्हा मजुरांची हजेरी मांडणारा मस्टर-कारकून महारुद्र आता गावच्या सोसायटीचा सचिव होता, पण वर्षातून एक दिवस तो वहीत उतरवून ठेवलेली नावं पुकारायचा आणि बायका तेव्हासारखंच ‘हजर’ म्हणायच्या. उपाशी दिवस होते ते. तरी त्यांच्या आठवणीनं त्याचा जीव हरखायचा.

यंदा मात्र वही उघडायला हात धजेना. केशरबाई श्रावणात वारली होती. नाव घ्यावं, तर पुढं गैरहजेरीची फुली मारावी लागणार. आणि तिच्या नावापुढं त्यानं एकदा फुली मारली होती. आजारी लेकराला निजवून यायला तिला घटकाभर उशीर झाला, म्हणून. त्या दिवशी कामावर खायला मिळणारी सुकडीही न घेता ती उन्हातून परत गेली होती.

“आधी एक ऐका,” तो वेळ काढत म्हणाला. “परवा डिक्शनरीत बघितलं. मस्टर म्हंजे मुळात दाखवणं. लई जुना शब्द हाय. शिपाई साहेबापुढं उभं ऱ्हाऊन तोंड दाखवायचे, त्येच मस्टर.”

“म्हंजे आमी शिपाईच की!” रुद्रम्मा खिदळली.

हसण्यात चार-पाच नावं पार पडली. मग पुढचं नाव आलं.

“केशरबाई पिराजी.”

महारुद्रनं खाली मान घालून पेन टेकवला.

“हजर,” पुतळाबाई म्हणाली. जोडीनं पाटी उचलायच्या दोघी.

“पुतळाबाई, अहो...”

“दाखवायचं म्हनलाव न्हवं?” तिनं हात लांब केला. बांधाच्या उतारावर दगडांची रांग होती, आणि रांगेला टेकून काठोकाठ पाणी. “ही रांग तिनं लावल्याली. आता बघा, अन् लिवा.”

महारुद्र बघत राहिला. डोळे पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. मग त्यानं त्या नावापुढं ठळक अक्षरात ‘हजर’ लिहिलं.

यंदा उशीर त्याला झाला होता. अकरा वर्षांचा.