चोर निघताना काय म्हणतो

“जाता हूँ,” चोर म्हणाला.

काचेपलीकडे माइकसमोर तो नट उभा होता. सिनेमात चोर, म्हणून डबिंगच्या खोलीतही सगळे त्याला चोरच म्हणत. घसा बसलेला, गळ्याला मफलर, आणि चेहरा खऱ्या चोरालाही जमणार नाही इतका अपराधी.

“पुन्हा एकदा,” निर्माता म्हणाला. “जरा मोकळं म्हण. घाबरल्यासारखं वाटतंय.”

“चोरी करून निघालोय, साहेब.”

मागच्या कोचावर लेखिका हाताची घडी घालून बसली होती. सिनेमा लागल्या लागल्या समीक्षकांनी तो धुऊन काढला होता. म्हणे गुन्हेगारीचा सिनेमा आणि एक गोळी सुटत नाही, पाठलाग होतो तो सायकलवरून, आणि इन्स्पेक्टर संशयिताला आधी पाणी विचारतो. हे सगळं तिने हसून सोडून दिलं. पण एकाने लिहिलं, चोर म्हातारीचं घर साफ करून निघतो आणि दारात म्हणतो, ‘अच्छा, आता हूँ.’ जाणारा माणूस ‘आता हूँ’ म्हणतो? लेखिका मराठीत विचार करते आणि हिंदीत ठेचकाळते. हे वाक्य बाकीच्यांनी उचललं, आणि आता ते ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होतं. शुक्रवारी थिएटरांत सिनेमाची नवी प्रत जाणार होती. त्याआधी तेवढा एक शब्द बदलायचा, असं निर्मात्याने ठरवलं होतं.

“ती चूक नाहीये,” लेखिका म्हणाली. “चोर मराठी आहे. गडबडीत माणसाच्या तोंडून घरचंच निघतं.”

“मला कळतं हो. पण लोक हसतायत, मॅडम.”

“विनोदी सिनेमा आहे.”

“सिनेमाला नाही हसत. तुम्हाला हसतायत.”

ते बरोबर जाऊन लागलं. आज हा शब्द बदलला की उद्या सगळे म्हणणार, बघा, बाईंना चूक कळली. मग पुढचा सिनेमा घेऊन तिच्या दाराशी कोण येणार होतं?

ध्वनिमुद्रकाने नवा शब्द बसवला आणि प्रसंग लावला. पडद्यावर चोराने गाठोडं खांद्यावर टाकलं, ‘अच्छा, जाता हूँ’ म्हणाला आणि बाहेर पडला. म्हातारी उठली. तिने दार लोटलं, कडी मात्र घातली नाही. दुसऱ्या कपात चहा ओतला, त्यावर बशी झाकली आणि दाराकडे तोंड करून बसली.

“कडी का नाही घालत ही?” निर्मात्याने विचारलं.

इतक्या वेळा सिनेमा बघून हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

“विसरली असेल,” त्याचं त्यानेच उत्तर दिलं. “वय झालंय.”

“आणि चहा?” लेखिकेने विचारलं.

“चहा काय, तिलाच लागत असेल दुसरा.”

“मग मी शेवटी गाठोडं घेऊन परत का येतो?” स्पीकरमधून चोराचा घोगरा आवाज आला. “मला तर तेवढं एकच कारण होतं. बोलून बसलो होतो ना.”

“तू गप्प बस. घसा सांभाळ.”

निर्माता उठला. त्याच्यासाठी आलेला चहा तसाच राहिला. “ठरलं. नवं ठेवा. मला वितरकाला तोंड दाखवायचंय.” किल्ल्या, मोबाइल, पाकीट असं सगळं त्याने चाचपून घेतलं. लेखिकेला त्याचा रागही धड येईना. असला सिनेमा करायला कोणी तयार नव्हतं तेव्हा हाच एकटा तयार झाला होता.

दारात जाऊन त्याने मागे वळून पाहिलं.

“बरं, येतो मी.”

“या,” ध्वनिमुद्रक म्हणाला.

दार लागता लागता थांबलं. बाहेर पाऊल वाजेना. काचेपलीकडे चोराने तोंडात मफलर कोंबला. लेखिकेने त्याच्याकडे डोळे वटारले. आत्ता कोणी फिस्सकन हसलं असतं, तर बाहेरचा माणूस हट्टाला पेटला असता. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि जिन्याकडे गेली.

“ताई, नवं ठेवू?” ध्वनिमुद्रकाने हळूच विचारलं.

“साहेब सांगून गेलेत ना.”

“गेलेत कुठे? येतो म्हणालेत.” त्याने कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. “आले की ठेवतो.”

लेखिकेच्या हातांना काही सुचेना. निर्मात्याचा चहा पुढ्यात होता. तिने त्यावर बशी झाकली. मग तिघंही नुसतेच बसले, डॉक्टर आतून कधी बाहेर येतात याची वाट बघावी तसे.

जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं.

“माझी छत्री राहिली का इथे?” निर्मात्याने विचारलं.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं.

“बघतो,” ध्वनिमुद्रक गंभीरपणे म्हणाला आणि टेबलाखाली वाकला. “बसा तोवर.”

निर्माता बसला. पडद्यावर म्हातारी तशीच थांबली होती, दाराकडे तोंड करून. त्याची नजर तिच्यापुढच्या झाकलेल्या कपावरून लेखिकेपुढच्या झाकलेल्या कपावर गेली.

“जुनंच राहू दे,” तो म्हणाला. “लिहू देत त्यांना काय लिहायचं ते.”

काचेपलीकडे चोर गळ्यातला मफलर सोडू लागला. लेखिकेने कपावरची बशी काढली आणि कप निर्मात्यापुढे सरकवला.

“घ्या,” ती म्हणाली. “गरम आहे अजून.”