फुल्या

"म्हणे बहिरी नाही! तीन हाका मारल्या तरी वळून बघत नाहीस, आणि बहिरी नाही?"

किरणचा आवाज कानाच्या दवाखान्यातल्या शेवटच्या बाकापर्यंत गेला. सगळे वळून पाहू लागले. त्याच्या आईने, वच्छलाबाईंनी, पदर सावरला.

"माले बठ्ठं आयकू येस, भाऊ."

"आणि इथं जरा नीट मराठीत बोल. लोक बघतायत," मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला.

शिंदखेड्याहून तो आईला जळगावात, मेहरूणमधल्या आपल्या घरी घेऊन आला, त्याला दोन महिने झाले होते. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणायच्या, "माले घर जानं शे." रोज किरण त्यांना अर्ध्यावर तोडायचा. एकटीला कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. फोन ऐकू यायचा नाही. काही बरंवाईट झालं तर गाव कुणाच्या तोंडात शेण घालेल? दर शनिवारी त्याने किती धावायचं? शेवटी काल मोठं भांडण झालं आणि त्यातून एवढं ठरलं: कान चांगले निघाले तर रविवारी शिंदखेडा. नाहीतर तिथल्या घराला कायमचं कुलूप.

तपासणी करणारी हिना पुण्याची होती. जळगावात येऊन तिला महिनाही झाला नव्हता. तिने वच्छलाबाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. मग बाहेर येऊन बोलायचं बटण दाबलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला.

"आजी, मी एकेक शब्द म्हणेन. काय ऐकलं ते सांगायचं. मुलगी."

"आंडेर," स्पीकरमधून उत्तर आलं.

हिनाने फुली मारली.

"इथे."

"आठे."

फुली.

"सगळे."

"बठ्ठा."

पुन्हा फुली. हिनाने आवाज आणखी खाली आणला. शेजारी बसलेल्या किरणलाही शब्द नीट ऐकू येईना. आत वच्छलाबाई ताठ बसल्या होत्या. एकाही शब्दाला अडखळत नव्हत्या.

"आई."

"माय."

किरणच्या लक्षात आलं. म्हातारी शब्द परत म्हणून दाखवत नव्हती, ती त्यांचे अर्थ सांगत होती! आंडेर म्हणजे मुलगी. आठे म्हणजे इथे. एकही उत्तर चुकलं नव्हतं. हेच शब्द बोलत तो दहावीपर्यंत वाढला होता. जळगावात नोकरी लागली तेव्हा त्याने ते एकेक करून टाकून दिले होते.

हिना थांबली. कागदावर फुल्यांची रांग लागली होती.

"विचित्रच आहे. उत्तरं लगेच देतात, पण शब्द भलतेच. दादा, तुमच्याकडची भाषा आहे का ही? तुम्हाला काही कळतंय?"

किरणने काचेकडे पाहिलं. मग कागदाकडे.

"नाही," तो म्हणाला. "बडबडते काहीतरी."

हिनाचं बोट बटणावरून उठलंच नव्हतं.

काचेपलीकडे वच्छलाबाईंनी हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले.

"हाई बी आयकू उनं माले," त्या म्हणाल्या.