मयत हजर

अकरावीत नातीचे मार्क घसरले होते आणि परदेशातल्या कॉलेजला त्याचं कारण लेखी हवं होतं.

"त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर काम सोपं होतं," ॲडमिशनचा सल्लागार म्हणाला.

कुणीच गेलं नव्हतं. वडिलांचा चेहरा पडला. तेव्हा पेपरामागून आजोबा म्हणाले, "मला घाला. पोरीचं भलं होत असेल तर माझी तयारी आहे."

वडिलांनी आजोबांना ऐन परीक्षेच्या तोंडावर मारलं, पानभर शोक लिहिला आणि लेकीला म्हणाले, "हेच पाठव." ती "बरं" म्हणाली.

मुलाखत लॅपटॉपवर होती. "मेलेल्या माणसाने बाहेर फिरकायचं नाही," असं बजावून आजोबांना आतल्या खोलीत बसवलं. पण त्यांचा चष्मा बाहेरच राहिला होता. तो शोधत ते थेट नातीच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"हे कोण?" पडद्यावरच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं.

"माझे आजोबा."

दाराआड वडिलांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे तू लिहिलंयस ते, तुझ्या मार्कांपायी मरायला तयार झालेले आजोबा हेच?"

"हेच. पण अभ्यास मी केला नव्हता, मरायचं त्यांनी का?"

बाई खळखळून हसल्या. "बारावीला केलास, ते दिसतंय. तुझी ॲडमिशन पक्की. पदवी घ्यायला येशील तेव्हा यांनाही आण. आणि तोवर वडिलांवर लक्ष ठेव."